दोष एकट्या लाखोळीचा नाही

धान कापणीला आलं की भंडारा-गोंदियाकडचा शेतकरी उभ्या पिकातच, ओलसर बांधीत लाखोळी फेकतो. नांगरट नाही, खत नाही, तरी पीक हाती लागतं. पावसाने दगा दिला, बाकीचं सगळं गेलं, तरी ही डाळ तग धरते. घात झाला तो याच गुणापायी.

सागर भागात १८२९ ते १८३१ अशी सलग तीन वर्षं गारपीट, अवर्षण आणि रोगाने गहू बुडाला. लोकांनी लाखोळीवर दिवस काढले. १८३३पासून तिशीच्या आतल्या तरुणांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले, असं विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे.

विष हाती लागायला १९६४ उजाडलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी डाळीतून 'ओडॅप' हे अमिनो आम्ल वेगळं काढलं. हा ग्लुटामेटचा तोतया. ग्लुटामेट म्हणजे मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. एका पेशीने तो सोडायचा, दुसरीने निरोप घ्यायचा आणि उरलेला शेजारच्या आधारपेशींनी तत्काळ उचलायचा. ही उचल थांबली, किंवा तोतया येऊन बसला, की निरोप घेणारी पेशी उत्तेजितच राहते. तिच्यात कॅल्शियम घुसत राहतं, मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू मोकाट सुटतात.

त्यांना आवरणारं ग्लुटाथायॉन पेशी स्वतः बनवते. त्यासाठी लागणारं गंधकयुक्त सिस्टीन ती बऱ्याचदा ग्लुटामेट बाहेर देऊन, त्याच्या बदल्यात आत घेते. बाहेरच ग्लुटामेट साचलं तर ही देवघेव अडते. त्यात उपद्रवी रेणू ग्लुटामेट उचलणारी प्रथिनंही बिघडवतात, म्हणजे साचणं आणखी वाढतं. एकदा हे चक्र सुरू झालं की कशामुळे काय झालं, हे वेगळं काढणं कठीण.

लाखोळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात. तांदूळ-गव्हात ती तुलनेने बरी. म्हणून महिनोन्‌महिने निव्वळ लाखोळीवर जगणारा लुळा पडतो, भाताबरोबर वाटीभर वरण खाणारा सहसा नाही. १९६१च्या विक्रीबंदीने डाळ अडवली, भूक नाही, असं माझं मत.

एएलएस या चेतापेशींच्या आजारातही हेच चक्र दिसतं. ग्लुटामेटला लगाम घालणारं रिलुझोल अमेरिकेत १९९५मध्ये आलं. आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढतं. उपद्रवी रेणू टिपणाऱ्या एडाराव्होनला जपानने २०१५मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. त्याचाही उपयोग मर्यादितच. चक्राची एकच बाजू धरून फारसं साधत नाही, हे त्यातून दिसलं.

लाखोळीने गेलेले पाय परत आणणारं औषध आजही नाही. तेव्हा ती खायचीच तर गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या, भातासोबत आणि अधूनमधूनच खा.