जॉयस्टिकचा जीव बेअरिंगमध्ये

संगणकावर विमान उडवण्याचा सराव करणाऱ्याची पहिली अडचण हाताची असते. कीबोर्डवरची कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सोडलेली. विमानाला मात्र ‘थोडे डावीकडे, आता किंचित कमी’ असे सांगावे लागते. त्यासाठी जॉयस्टिक हवी. स्वस्त जॉयस्टिक वापराने खिळखिळी होते आणि चांगली विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. तिसरा मार्ग म्हणजे ती स्वतः बनवणे. त्यासाठी लागणारे बहुतेक कौशल्य सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावात आहेच, कारण जॉयस्टिकमधला अवघड भाग इलेक्ट्रॉनिक्सचा नसून लेथचा आणि बेअरिंगचा आहे.

दांडा पुढे ढकलला की विमानाचे नाक खाली जाते, मागे ओढला की वर येते. डावी-उजवीकडे कलवला की त्या बाजूला विमान कलते. एकाच दांड्याला या दोन्ही दिशांत मोकळे ठेवणाऱ्या रचनेला गिंबल म्हणतात. एका चौकटीत दुसरी चौकट बसवलेली असते आणि दोघींचे आस एकमेकांशी काटकोनात असतात. मळणीयंत्र चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टमधला ‘क्रॉस’ याच तत्त्वावर चालतो. तो क्रॉस थेट वापरण्याचा मोह होतो, पण त्याची घडण जड ओझे पेलण्यासाठी असते. ग्रीस आणि सील यांमुळे तो हाताला जड लागतो. त्याऐवजी ६०८ क्रमांकाचे बॉल बेअरिंग घ्यावे. आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२ मिमी आणि जाडी ७ मिमी असलेले हे बेअरिंग सहज मिळते. त्याच्या कडेची रबरी सील काढून आतले ग्रीस धुतले आणि पातळ तेलाचा थेंब सोडला की ते बोटाच्या हलक्या स्पर्शानेही फिरते.

खरी कसोटी बेअरिंगची घरे कोरताना लागते. एकाच आसावरच्या दोन बेअरिंगांत ४० मिमी अंतर आहे आणि घरात ०.१ मिमी ढिलाई राहिली, असे समजू. ४०० मिमी वर असलेल्या मुठीशी ती ढिलाई १ मिमी होते. हात हलतो, पण विमानाला कळत नाही. म्हणून बेअरिंगांमधले अंतर जास्त ठेवावे आणि त्यांची घरे एकाच बांधणीत, काम चकमधून न काढता, कोरून घ्यावीत. चांगला टर्नर हे न सांगताही करतो.

पुढचा प्रश्न दांडा मध्यावर परत आणण्याचा. दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावली की झाले, असे वाटते. पण मध्याजवळ स्प्रिंगचा जोर जवळजवळ शून्य असतो आणि घर्षण मात्र तेवढेच राहते. स्प्रिंग दर अंशाला १० ग्रॅम जोर लावत असेल आणि घर्षण ३० ग्रॅमचे असेल, तर दांडा मध्यापासून ३ अंशांपर्यंत कुठेही अडून राहील. एका बाजूचा कल २० अंशांचाच असताना ही चूक फार मोठी आहे. स्प्रिंग कडक केली तर हात थकतो. म्हणून घर्षण कमी करणे हाच खरा उपाय. काही जण कात्रीसारख्या दोन भुजांत दांड्याची पिन आधीच ताणलेल्या स्प्रिंगने धरून ठेवतात. त्याने मध्य पक्का होतो, पण तो ओलांडताना प्रत्येक वेळी हाताला अडथळा जाणवतो. याहून सरस म्हणजे कॅम आणि त्यावर दाबून धरलेला रोलर. कॅमचा उतार हवा तसा घासून जोर कुठे किती वाढावा हे आपण ठरवू शकतो.

घर्षणही दोन प्रकारचे असते. धातूवर धातू घासण्याचे कोरडे घर्षण दांडा थांबल्यावरही त्याला धरून ठेवते. घट्ट तेलाचा किंवा डॅम्परचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि हालचाल थांबली की नाहीसा होतो. म्हणून पहिले शक्य तितके घटवावे आणि दुसरे थोडे मुद्दाम घालावे. तेवढ्याने दांडा मध्यावर थरथरत नाही.

आता मोजणी. रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसा पोटेन्शिओमीटर साधारण २७० अंश फिरतो, पण आपला दांडा टोकापासून टोकापर्यंत ४० अंशच. दांड्याचा कोन वाचणारा अर्दुइनो लिओनार्दो हा छोटा बोर्ड त्या २७० अंशांचे १०२४ भाग करतो. त्यातले जेमतेम १५० आपल्या वाट्याला येतात आणि आतला पट्टा झिजला की आकडे उड्या मारतात. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या चुंबकीय परिणामावर चालणारा सेन्सर इथे उपयोगी पडतो. शाफ्टच्या टोकाला चुंबक, समोर स्थिर सेन्सर आणि मध्ये फक्त हवा. काहीच घासत नाही, त्यामुळे झीजही नाही. एएस५६०० ही चिप फेऱ्याचे ४०९६ भाग करते, म्हणजे ४० अंशांत सुमारे ४५५ पायऱ्या मिळतात. लिओनार्दो बोर्ड यूएसबीवर स्वतःची ओळख जॉयस्टिक म्हणून देऊ शकतो. पुढचे काम संगणक सांभाळतो.

दांड्याची लांबीही महत्त्वाची. १० सेंमी दांड्यात एक अंश म्हणजे मुठीशी पावणेदोन मिमी. ५० सेंमी दांड्यात तोच एक अंश पावणेनऊ मिमी होतो. हाताला तेवढी बारीक हालचाल जमते. स्प्रिंग मात्र एक गोष्ट देऊ शकत नाही. लहान विमानात दांड्यावरचा जोर हवा लावते आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच कलासाठी जोर चौपट लागतो. हायड्रॉलिक नियंत्रण असलेल्या विमानांत वैमानिकाच्या हाताला हा जोर कृत्रिमरीत्या पुरवावा लागतो.

विमानाच्या सरावयंत्राचा इतिहासही कारखान्याच्या कोपऱ्यातून सुरू होतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. तिथले भाते आणि हवेच्या झडपा वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये हलणारे सरावयंत्र उभे केले. १९३४ मध्ये टपालाची उड्डाणे करताना खराब हवेत सैन्याचे वैमानिक मरू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले.

सातारा जिल्ह्यातही असे उदाहरण आहे. मूळचे पाटण तालुक्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली.

जॉयस्टिक ही त्या वाटेवरची पहिली पायरी मानता येईल. बल, घर्षण, तरफ, चुंबकत्व आणि संगणक हे सगळे धडे तिच्यात एकत्र येतात. कोरेगाव तालुक्यातल्या ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, त्यांनी या वर्षी तयार किट जोडण्याऐवजी एक जॉयस्टिक मुळापासून बनवावी. विद्यार्थ्यांनी जवळच्या वर्कशॉपमध्ये जाऊन टर्नरला आपले चित्र दाखवावे आणि त्याचे ऐकावे. वर्कशॉपवाल्यांनीही या मुलांसाठी संध्याकाळचा एक तास राखून ठेवावा.