आबाद, खराब आणि दारूखाना : फारसीच्या उच्च अभ्यासाविषयी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एक चूक छापली. एका देशमुख घराण्याच्या दप्तरात गावांची एक फारसी यादी होती. तिची छायाप्रत मला मिळाली होती. काही गावांच्या नावापुढे ‘खराब’ असा शेरा होता. फारसी मी घरीच शिकलेलो; एक जुने व्याकरण, एक कोश आणि चिकाटी एवढेच भांडवल. पण ‘खराब’ या शब्दासाठी कोश कशाला उघडायचा? ही ‘वाईट’ गावे, म्हणजे सरकारला न जुमानणारी, सारा थकवणारी गावे, असा निष्कर्ष मी काढला आणि एका छोट्या त्रैमासिकात दहा पानांचा लेख लिहिला.

महिन्याभराने फारसीच्या एका निवृत्त प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले. मजकूर दोन ओळींचा होता. खराब म्हणजे ओसाड, उजाड, आबादच्या उलट. ती गावे बंडखोर नव्हती, त्या गावांत माणसेच उरली नव्हती. खाली त्यांनी लिहिले होते, “आपला सातबारा काढून पाहा.” मी काढून पाहिला. त्यावर ‘पोटखराबा’ होता : लागवडीस न येणारी जमीन. शब्दाचा जुना अर्थ माझ्याच घरच्या कागदावर शाबूत होता आणि मी तो कधी वाचलाच नव्हता.

नंतर भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हाफिजच्या गझलांत ‘खराबात’ हा शब्द वारंवार येतो. तिथे त्याचा अर्थ मद्यशाळा. प्रतिष्ठेची सगळी बांधकामे जिथे ढासळतात ती जागा. महसुलाचा कारकून आणि शिराझचा कवी एकाच शब्दकुटुंबात राहतात. “कागदपत्रांची फारसी वेगळी आणि काव्याची वेगळी असे तुम्ही इतिहासवाले समजता, तिथेच फसता,” ते म्हणाले. माझा खरा अभ्यास त्या दिवसापासून सुरू झाला. पदव्युत्तर पातळीवर फारसी आणि इराणी संस्कृती शिकायची म्हणजे नेमके काय शिकायचे, आणि महाराष्ट्राला त्याची गरज का आहे, हे या अनुभवाच्या आधाराने मांडण्याचा प्रयत्न करतो.

कानाचा अभ्यास

पहिली अडचण उच्चाराची. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली फारसी आणि आज तेहरानात बोलली जाणारी फारसी यांचे स्वर जुळत नाहीत. आपण रोज, जोर, दोस्त म्हणतो. इराणी माणूस रूज, जूर, दूस्त म्हणतो. आपले मेज तिकडे मीज होते. नवखा विद्यार्थी समजतो की आपण बिघडवलेले उच्चार करतो आहोत. वस्तुस्थिती उलटी आहे. जुन्या फारसीत ए आणि ओ हे दीर्घ स्वर होते. इराणात ते कालांतराने ई आणि ऊ यांत मिसळून गेले. हिंदुस्थानात आणि अफगाणिस्तानात ते टिकले.

याचे ठळक उदाहरण शेर आणि शीर यांचे. शेर म्हणजे सिंह, शीर म्हणजे दूध. ‘शेरदिल’ आणि ‘शीरखुर्मा’ या दोन शब्दांत आपण तो फरक आजही पाळतो. इराणात दोन्ही ‘शीर’ झाले. शिवाय पाण्याच्या नळालाही शीरच म्हणतात. एका शब्दावर सिंह, दूध आणि नळ असा तिहेरी भार पडला. मराठी विद्यार्थ्याच्या कानात जुनी फारसी आधीच असते, हे त्याला कोणी सांगत नाही. पण ती आहे म्हणून आजची फारसी आपोआप येत नाही. ती स्वतंत्रपणेच शिकावी लागते.

अर्थांचेही तसेच. दारू म्हणजे फारसीत औषध. इराणातल्या औषधांच्या दुकानावर ‘दारूखाने’ अशी पाटी असते. आपल्याकडे दारूखाना म्हणजे तोफांच्या दारूचे कोठार किंवा शोभेची दारू, आणि नुसती दारू म्हणजे काय ते सांगायला नको. मूळ अर्थ मात्र ‘दवादारू’ या जोडशब्दात लपून राहिला आहे. शिकस्त म्हणजे तिकडे पराभव, मोडणे. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. गरीब म्हणजे मुळात परका, अनोळखी. आपल्याकडे तो निर्धन झाला. तमाशा म्हणजे तिकडे पाहणे, निरखणे. ओळखीचा शब्द दिसला की आपण कोश मिटतो. अनोळखी शब्दापेक्षा तोच आपल्याला जास्त दगा देतो.

डोळ्याचा अभ्यास

दुसरी पायरी अक्षराची. छापील फारसी वाचता येणारा माणूस दप्तरखान्यात गेला की निरक्षर होतो. तिथले अक्षर बहुधा शिकस्ता वळणाचे असते. शिकस्ता म्हणजे मोडलेले. नुक्ते गळालेले, न जोडायची अक्षरे जोडलेली, ओळ शेवटी वर चढत गेलेली. आकडे असतात ते बहुतेकदा सियाक पद्धतीत. त्यात १, २, ३ लिहीत नाहीत. अरबी संख्यावाचक शब्दांची संक्षिप्त, जवळजवळ चिन्हरूप झालेली रूपे लिहितात. रकमेचा एक फाटा चुकला तर शेकड्याचे हजार होतात.

ही अडचण केवळ फारसी कागदांची नाही. मोडी पत्रांत कालगणना शुहूर सनाची असते आणि तिचे आकडे अरबी शब्दांत येतात. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर, हजार : १०७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, इथे १६७० किंवा १६७१. कोणता, ते महिन्यावर ठरते, कारण हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणजे मोडी वाचणाऱ्यालाही या दारावरून जावेच लागते.

हे सगळे कुठे शिकवतात? दिल्ली, अलिगड, हैदराबाद येथील विद्यापीठांत फारसीचे विभाग आहेत. आपल्याकडे एम.ए. फारसीचा सर्वसाधारण साचा म्हणजे अभिजात गद्य व पद्य, वाङ्मयाचा इतिहास, हिंदुस्थानात लिहिली गेलेली फारसी, थोडे आधुनिक साहित्य आणि भाषांतर. फिरदौसीचे शाहनामा, सादीचे गुलिस्तान, रूमी आणि हाफिज यांच्यावाचून तो पुरा होत नाही. होऊही नये. पण दप्तर वाचायला हवे असलेले अक्षर साहित्याच्या विद्यार्थ्याला सहसा शिकवले जात नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला साहित्य. दोघांच्या मध्ये रुमाल बांधलेले गठ्ठे तसेच पडून राहतात.

रीतीचा अभ्यास

तिसरी पायरी संस्कृतीची, आणि माझ्या मते तीच सर्वांत जोखमीची. इराणी समाजात ‘तआरोफ’ नावाची एक रीत आहे. दुकानदाराला किंमत विचारली तर तो आधी म्हणतो, ‘काबेल नदारे’. म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत! म्हणून वस्तू उचलून चालू लागायचे नसते. मित्र मित्राला सहज ‘चाकरम’, ‘नोकरेतम’ म्हणतो. शब्दशः ‘मी तुमचा चाकर, तुझा नोकर’. दोघांपैकी कोणीही कोणाचा चाकर नसतो.

या रीतीला मोठी परंपरा आहे. फारसीत पत्रलेखन हे ‘इन्शा’ नावाचे शास्त्र होते. त्याचे नमुनेग्रंथ होते आणि मुनशी ते पाठ करीत. लिहिणाऱ्याने स्वतःला ‘बंदा’, ‘फिदवी’, ‘कमतरीन’ म्हणायचे आणि ज्याला लिहायचे त्याच्या नावामागे पदव्यांची रांग लावायची, हा शिष्टाचार होता. आपण मराठी पत्राखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहितो, तेव्हा आज्ञा पाळण्याचा करार करीत नाही. तसेच ते.

आता विचार करा, अशा पत्रातले एक वाक्य कोणी शब्दशः भाषांतरित केले, त्याचे इंग्रजी झाले, इंग्रजीचे पुन्हा मराठी झाले आणि ते सभेत वाचून दाखवले गेले, तर काय होईल? एखादा मराठा सरदार शरण गेला होता की मुनशीने रिवाजाप्रमाणे मायना लिहिला होता, याचा निवाडा त्या वाक्यावरून होऊ लागतो. आपल्याकडचे इतिहासाचे वाद किती तापतात ते मी सांगायला नको. त्यातले काही वाद मुळातल्या ओळीशी पोहोचतच नाहीत. कारण त्या ओळीत मायना कुठे संपतो आणि मतलब कुठे सुरू होतो, हे सांगणारा माणूस खोलीत नसतो.

सेतुमाधवराव पगडी आणि ग. ह. खरे यांचे मोल इथे कळते. पगडींनी भीमसेन सक्सेना, साकी मुस्तैदखान यांच्या फारसी ग्रंथांतला मजकूर मराठीत आणला. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड काढले. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमांविषयी मराठी वाचकाला आज जे माहीत आहे, त्याचा बराच भाग या दोघांच्या डोळ्यांतून आलेला आहे. त्यांच्यानंतर हे काम करणारे आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके.

येणे-जाणे

फारसी आपल्याकडे फक्त राज्यकर्त्यांबरोबर आली आणि गेली, हा समजही अपुरा आहे. बिदरचा मदरसा उभारणारा महमूद गवान मूळचा गीलानचा. फरिश्ता हा इतिहासकार कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा. तो आधी अहमदनगरला होता, नंतर विजापूरला गेला. त्यानेच लिहून ठेवले आहे की बहमनी दरबाराने हाफिजला बोलावले होते. तो होर्मुझपर्यंत आला, जहाजावर चढला, पण वादळ पाहून उतरला. गोष्ट खरी असो वा रचलेली, शिराझच्या कवीला दख्खनचे आमंत्रण जाणे तेव्हाच्या वाचकाला अशक्य वाटत नव्हते, एवढे त्यातून कळते.

उलट दिशेचा प्रवास आपण अगदीच विसरलो. आधुनिक इराणी कथावाङ्मयाचा अग्रणी सादेक हेदायत १९३६ साली मुंबईस आला, कशासाठी? पहलवी शिकायला. इराणची इस्लामपूर्व भाषा शिकण्यासाठी इराणी लेखक मुंबईच्या पारशी पंडितांकडे, बहरामगोर अंकलेसरियांकडे, आला. त्याच मुक्कामात त्याने ‘बूफ-ए-कूर’ या आपल्या कादंबरीच्या हाताने लिहून चक्रमुद्रित केलेल्या सुमारे ५० प्रती काढल्या. आधुनिक फारसीतली ही सर्वांत गाजलेली कादंबरी मुंबईत जन्मली. त्याच्या थोडे आधी, १९३३ मध्ये, पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ही मुंबईतच, अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल फिल्म कंपनीत तयार झाला होता. १९१६ साली स्थापन झालेली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आजही मुंबईत आहे. फारसीच्या मराठी विद्यार्थ्याने तेहरानचे स्वप्न जरूर पाहावे. पण आधी फोर्टात एक चक्कर टाकावी.

शुद्धीचे दोन प्रयोग

शेवटी एक साम्य सांगतो, कारण त्याची चर्चा क्वचितच होते. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदार अमात्य झाला, डबीर सुमंत झाला. अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९३५ मध्ये, इराणात ‘फरहंगिस्तान’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने अरबी शब्दांच्या जागी फारसी शब्द आणले. विमानाला ‘तय्यारे’ म्हणत ते ‘हवापेयमा’ झाले. न्यायखात्याचे ‘अदलिये’ जाऊन ‘दादगोस्तरी’ आले. यातला ‘दाद’ म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो, तोच. इराणात जो शब्द शुद्ध स्वकीय म्हणून बोलावून आणला, तो आपल्याकडच्या शुद्धीच्या यादीत परका ठरतो.

हा पेच स्वतःच्या आयुष्यात जगलेला मराठी माणूस म्हणजे माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, १९२५ च्या ‘फार्शी-मराठी कोशा’चे कर्ते, रुबायांचे मूळ फारसीवरून भाषांतर करणारे, आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिणारेही तेच. यात मला विसंगती दिसत नाही. कोणता शब्द कुठून आला हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच कोणता ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार पोचतो. न शिकता टाकणे आणि न शिकता मिरवणे, दोन्ही सारखेच.

माझी मागणी मोठी नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन सत्रे फारसी वाचन असावे, त्यात शिकस्ता आणि सियाक यांचा सराव असावा. फारसीच्या विद्यार्थ्याला एक सत्र दप्तरखान्यात बसवावे. आणि दोघांनाही आजचा इराण, त्याची भाषा, रीत, कथा, चित्रपट थोडा तरी दाखवावा. स्वतःच्या बळावर शिकलेल्या माणसाला चुका सुधारणारे कोणी भेटेलच असे नसते. मला एक पोस्टकार्ड मिळाले, हे माझे नशीब.

वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर एखादे जुने बाड सापडले, त्यावर उजवीकडून डावीकडे जाणारी, वर चढत गेलेली ओळ दिसली, तर ते लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका. चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. शिक्के बहुधा मागे असतात. मग एखाद्या संशोधन मंडळाकडे न्या. कोणी लगेच अर्थ सांगू लागला तर त्याने कोश उघडला का, तेवढे मात्र पाहा. मी त्या वेळी उघडला नव्हता.