जिवाला जपणारा उच्छ्वास

सकाळी सव्वासहाला बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या गच्चीवर ऊन पोचलेलं नसतं. व्यंकोजीराजांशी नाव जोडलेल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाकडे फुलांच्या टोपल्या निघालेल्या असतात, कोपऱ्यावरून फिल्टर कॉफीचा वास वर येतो. मी पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून उभी राहते. गुडघे सैल सोडते, दोन्ही हातांची बोटं पोटासमोर एकमेकांत गुंफते आणि श्वास घेत तळवे उलटे करून आभाळाकडे नेते. वर क्षणभर थांबायचं. मग श्वास सोडत हात बाजूंनी खाली आणायचे. आई गेली त्या वर्षी हे पहिल्यांदा केलं, तेव्हा चौथ्या खेपेला मला रडू फुटलं होतं. कित्येक महिने न आलेलं रडू.

घरमालकीण आजी तुळशीला पाणी घालायला वर येतात. एकदा त्यांनी विचारलं, “एनु माड्तिद्दीरा?” काय करताय? चिनी व्यायाम आहे, असं मी सांगितलं. तांब्या हातात धरून त्यांनी पुरता एक फेरा पाहिला आणि म्हणाल्या, “इदु नम्म प्राणायामाने अल्वा?” हा आपला प्राणायामच की!

आजींचं बरंचसं बरोबर आहे. या व्यायामाला चीगाँग म्हणतात; चिनी तोंडी ते ‘छी-कुंग’च्या जवळ जातं. ‘छी’ म्हणजे श्वास, वाफ, प्राण आणि ‘कुंग’ म्हणजे सरावाने कमावलेलं. हा शब्द आजच्या अर्थाने रुळला 1950च्या दशकात, पण मूळ फार मागे जातं. चीनमधल्या मावांगदुई इथल्या इ.स.पू. 168च्या थडग्यात रेशमावर रंगवलेलं एक चित्र मिळालं. त्यात 44 माणसं वेगवेगळ्या पवित्र्यांत दिसतात. कुणी वाकलंय, कुणी हात ताणलेत. मी करते तो प्रकार म्हणजे ‘बा दुआन जिन’, रेशमी कापडाचे आठ तुकडे. पहिल्यात आभाळ पेलायचं, दुसऱ्यात धनुष्य ओढायचं, आठव्यात टाचा उचलून खाली सोडायच्या.

यात मनाला बरं वाटण्यासारखं काय आहे? मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. मेंदूच्या तळाकडून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नस हृदयाचा लगाम धरून असते. उच्छ्वासात तो आवळला जातो. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहावर आणले, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा झाला, की एक सुरेख मेळ जमतो. आपला रक्तदाबही साधारण दहा सेकंदांच्या लाटेत वरखाली होत असतो. श्वास, ठोके आणि दाब असे तिन्ही एका तालात झुलू लागतात, आणि मानेतल्या धमनीत बसलेले दाबाचे पहारेकरी अधिक चोख काम करतात. इटलीतल्या संशोधकांनी 2001मध्ये दाखवलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. कुणी घड्याळ लावून ठरवलं नव्हतं.

श्वासाचा मनाशी धागा मेंदूतही सापडला आहे. श्वासाचा ताल धरणाऱ्या केंद्रात पेशींचा एक छोटा गट आहे, तो मेंदूला खडबडून जागं ठेवणाऱ्या भागाशी बोलतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये या पेशी काढून टाकल्या, तेव्हा नव्या जागी सतत हुंगत फिरणारे उंदीर निवांत बसू लागले. हे 2017चं काम. ‘दीर्घ श्वास घे, शांत हो’ हे आजीचं सांगणं पेशींपर्यंत पोचलेलं पाहून मला फार आनंद झाला होता.

आमच्या शहरातलं उदाहरण तर आणखी विचारात पाडणारं आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत बारा निरोगी स्वयंसेवकांना एमआरआय यंत्रात झोपवून ॐकार म्हणायला लावलं, आणि तुलनेसाठी नुसता ‘स्स्स्स’ असा आवाज काढायला सांगितलं. 2011मध्ये निष्कर्ष छापून आले. ॐकाराच्या वेळी मेंदूतल्या भीती आणि क्षोभाशी निगडित भागांची क्रिया मंदावली, ‘स्स्स्स’ला तसं काही घडलं नाही. चीगाँगमध्ये सहा ध्वनींची एक जुनी पद्धत आहे आणि त्यातला एक ध्वनी ‘स्स्’च आहे, फुफ्फुसांसाठी मानलेला! म्हणजे नुसता लांब उच्छ्वास पुरत नसावा. कानाशी जाणवणारं कंपनही काम करत असावं, असा निम्हान्सच्या संशोधकांचा कयास आहे. बारा माणसांवरून पक्कं काही म्हणता येत नाही. पण कसं विचारायचं, ते या प्रयोगातून शिकावं. लोणावळ्यात कैवल्यधाम उभारून स्वामी कुवलयानंदांनी 1924पासून योगाला प्रयोगशाळेत नेलं, तीच ही वाट.

पण म्हणून ‘छी’ नावाची अदृश्य ऊर्जा मोजून दाखवली गेली आहे, असं मी लिहिणार नाही. चीगाँगच्या अनेक अभ्यासांत चिंता आणि नैराश्याची लक्षणं काही प्रमाणात उतरलेली दिसतात. पण यातले बरेच अभ्यास लहान आहेत आणि आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे नुसत्या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणं अवघड जातं. अतिरेकाचे धोकेही नोंदलेले आहेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 1994च्या सूचीत चीगाँगनंतर उद्भवणाऱ्या तात्पुरत्या मनोविकाराची नोंद आहे. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे, मराठीतही बोलता येतं.

श्वासाचं हे झालं; राहिलं स्वतःवर प्रेम करणं. आपण निघणाऱ्या प्रत्येकाला ‘जिवाला जप’ म्हणतो, स्वतःला मात्र बोलच लावतो. आईच्या शेवटच्या दिवसांत मी अमुक करायला हवं होतं, तमुक करायला नको होतं, हे माझं रात्रभर चालायचं. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी 2003मध्ये स्वतःविषयीच्या करुणेचे तीन पदर मांडले: स्वतःशी मायेने वागणं, चुका साऱ्या माणसांच्या हातून होतात हे ओळखणं, आणि दुःख न दाबता, न फुगवता पाहणं. आरशासमोर गोड वाक्यं म्हणून मला हे कधी साधलं नाही. हात वर नेताना डावा खांदा दुखतो हे कळलं, म्हणून तो थोडा खालीच ठेवला, तेव्हा साधलं. त्या दिवशी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी माझं काहीतरी ऐकलं होतं.

हल्ली आजी कठड्याला धरून शेवटचा प्रकार माझ्याबरोबर करतात. टाचा उचलायच्या, जरा थांबायचं, सोडायच्या, असं सात वेळा. मोजतात त्या: ओंदु, एरडु, मूरु... ‘एळु’ला माझ्या टाचा टेकतात आणि त्यांच्या, थोडा वेळ तशाच तोल सांभाळून राहून, मग हळूच.