उड्डाण-सिम्युलेशनमधील जॉयस्टिक : मूठ व बेस यांच्या सुसंगततेचा विचार

प्रस्तावना

वैयक्तिक संगणकावर विमानोड्डाणाचा अनुभव देणाऱ्या प्रणालींचा इतिहास आता चार दशकांहून अधिक जुना झाला आहे. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'ची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी कळफलकावरील बाणांच्या कळा दाबून विमान वळविले जात असे. पुढे जॉयस्टिक आली आणि बराच काळ ती एकसंध वस्तू म्हणूनच विकली जात होती. वरची मूठ आणि खालचा बेस वेगळे करता येतात, हा विचारही ग्राहकाच्या मनात येत नसे. आज चित्र पालटले आहे. हातात धरायची मूठ एका निर्मात्याची, तर तिच्या हालचाली मोजणारा बेस दुसऱ्याचा, अशी जुळणी सर्रास केली जाते. या स्वातंत्र्याबरोबर एक प्रश्नही आला : कोणती मूठ कोणत्या बेसवर चालते?

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. कुऱ्हाडीला नवा दांडा बसविताना भोक आणि दांड्याची जाडी जुळली की काम भागते, तसेच इथेही असावे अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात आटे जुळूनही बटणे मुकी राहतात, बटणे चालूनही दांडा मध्यावर परत येत नाही, आणि या वस्तू बहुधा परदेशातून मागवाव्या लागत असल्याने चूक लक्षात येईपर्यंत परत पाठविण्याची मुदत टळून गेलेली असते. प्रस्तुत लेखात या सुसंगततेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मूठ आणि बेस यांची कार्यविभागणी

मुठीत प्रामुख्याने बटणे, दिशादर्शक स्विच व ट्रिगर असतात. दांडा पुढेमागे व डावीउजवीकडे किती कलला हे मोजण्याचे काम मात्र बेसचे. त्यासाठी बेसमध्ये दोन अक्षांवर फिरणारी यंत्रणा, दांडा मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंग आणि कोन मोजणारे संवेदक असतात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नावाजलेल्या थ्रस्टमास्टर कंपनीच्या 'कुगर' या जॉयस्टिकमध्ये हे मोजमाप पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासत फिरणारा विद्युत्‌रोधक, करीत असे. तो झिजला की पडद्यावरचे विमान थरथरू लागे. २०१० मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या 'वॉरथॉग'मध्ये हॉल परिणामावर चालणारे चुंबकीय संवेदक आले आणि झिजेचा हा प्रश्न मिटला. यांत्रिक घर्षणाचा मिटला नाही. वॉरथॉगचा दांडा खोबणीत फिरणाऱ्या गोलकावर उभा असतो आणि मध्यबिंदूजवळ तो किंचित अडकल्यासारखा वाटतो, ही त्याच्या वापरकर्त्यांची जुनी तक्रार आहे. व्हीकेबी व व्हर्पिल या कंपन्यांच्या बेसमध्ये प्रत्येक अक्षाला स्वतंत्र कॅम व स्प्रिंग असते. कॅम बदलून मध्यबिंदू ठळक, सौम्य किंवा जवळजवळ नाहीसा करता येतो. हेलिकॉप्टर चालविणाऱ्याला यातला शेवटचा प्रकार सोयीचा पडतो.

सुसंगततेची पहिली पायरी : आटे आणि जोडपिना

कुगर व वॉरथॉग यांच्या मुठी एकाच पद्धतीने बसतात. मुठीच्या तळाशी सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचे आटे असलेले फिरते कडे असते आणि आत पाच पिनांचा लहान गोल जोड असतो. २०१९ मध्ये थ्रस्टमास्टरने एफ/ए-१८सी हॉर्नेट विमानाच्या धर्तीची मूठ सुटी विकण्यास काढली, तिचाही जोड हाच. या मुठी मोठ्या संख्येने लोकांच्या हाती असल्याने व्हर्पिलसारख्या स्पर्धकांनीही आपले बेस त्या स्वीकारतील असे घडविले. त्यामुळे हा जोड या क्षेत्रात एक अलिखित मानक होऊन बसला.

व्हीकेबीचा मार्ग वेगळा आहे. तिच्या मुठींचा जोड व आतील विद्युत्‌रचना स्वतःची आहे, आणि व्हीकेबीची मूठ व्हर्पिलच्या बेसवर किंवा उलट अशी सरळ बसत नाही. बाजारात आणि हौशी कारागिरांकडे निरनिराळे मध्यस्थ जोड मिळतात. पण मध्यस्थ जोड आटे जुळवितो, भाषा जुळवीलच असे नाही.

बसविताना घ्यावयाची काळजी थोडक्यात सांगता येते. संगणकाची केबल आधी काढावी, मूठ पिनांवर सरळ टेकवावी आणि फक्त कडे फिरवावे. मूठच फिरवली तर पिना वाकतात.

दुसरी पायरी : संकेतांची भाषा

पाच तारांतून वीसहून अधिक बटणांची अवस्था खाली कशी पोहोचते, हे समजून घेतल्याशिवाय सुसंगततेचा विचार पुरा होत नाही. वॉरथॉगच्या मुठीवर १९ क्रिया-बटणे आणि चार दिशांचा एक स्विच आहे. म्हणजे एकूण २३ अवस्था. प्रत्येकीसाठी वेगळी तार ओढणे अव्यवहार्य असल्याने मुठीत शिफ्ट रजिस्टर नावाच्या चकत्या बसविलेल्या असतात. बेसकडून इशारा मिळताच त्या सर्व बटणांची अवस्था एकदम टिपून ठेवतात आणि नंतर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक याप्रमाणे ओळीने खाली पाठवितात. वर्गात हजेरी घेताना जसा एकेक क्रमांक पुकारला जातो, तसाच हा प्रकार. वीजपुरवठा, भूतार, ठोका, टिपण्याचा इशारा आणि उत्तर, अशा पाच तारा त्यासाठी पुरतात. हजेरीपट मात्र २४ नावांचाच असतो.

अडचण येते ती इथे. नव्या पिढीच्या अनेक मुठींवर याहून अधिक बटणे असतात, अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी असते, ब्रेकसाठी दाबाच्या प्रमाणात काम करणारी तरफ असते. अशा तरफेची अवस्था 'दाबली' किंवा 'न दाबली' एवढ्यात सांगता येत नाही. ती कितपत दाबली हे अंकांत कळवावे लागते. त्यासाठी मुठीत स्वतंत्र सूक्ष्मनियंत्रक बसवून वेगळ्या भाषेत संवाद करावा लागतो, आणि ती भाषा जुना बेस जाणत नाही. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : साधी मूठ नव्या बेसवर चालण्याची शक्यता पुष्कळ, प्रगत मूठ जुन्या बेसवर चालण्याची शक्यता थोडी. व्हर्पिलच्या बेसवर वॉरथॉगची मूठ चालते. पण तेथेही निर्मात्याच्या संगणकप्रणालीत मुठीचा प्रकार निवडावा लागतो. तो न निवडल्यास बेस चुकीच्या पद्धतीने हजेरी घेतो.

आणखी एक बाब बहुधा खरेदीनंतरच ध्यानात येते. संगणक ओळखतो तो बेसला, मुठीला नव्हे. वॉरथॉगची मूठ अन्य कंपनीच्या बेसवर लावली की संगणकाच्या दृष्टीने ते थ्रस्टमास्टरचे उपकरण राहत नाही. परिणामी त्या कंपनीची 'टार्गेट' ही प्रणाली तेथे निरुपयोगी ठरते आणि डीसीएससारख्या सिम्युलेटरमधील वॉरथॉगसाठीची तयार बटणयोजनाही आपोआप लागू होत नाही. सर्व बटणे पुन्हा नेमून द्यावी लागतात. काम अशक्य नाही. एक संध्याकाळ जाते.

तिसरी पायरी : वजन आणि तरफ

वरील दोन पायऱ्यांची चर्चा विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत थोडीफार तरी आढळते. तिसरीची सहसा आढळत नाही, वास्तविक उड्डाणाचा अनुभव सर्वाधिक बदलतो तो तिच्यामुळेच. बेसवर उभी असलेली मूठ हा उलटा लंबक आहे. ती मध्यावर असताना तिचे वजन सरळ खाली जाते. कलली की तेच वजन तिला आणखी कलविते. स्प्रिंग तिला मागे ओढते, गुरुत्वाकर्षण पुढे ढकलते, आणि हाताला जाणवतो तो या दोहोंतील फरक.

उदाहरण घेऊ. धातूच्या मुठीचे वस्तुमान १ किलोग्रॅम, तिचा गुरुत्वमध्य आणि तिला धरणारा हात हे दोन्ही फिरण्याच्या बिंदूपासून १२ सेंटीमीटर उंचीवर, आणि दांडा २० अंश कललेला आहे असे मानू. या स्थितीत गुरुत्वाकर्षणाचे परिबल, म्हणजे फिरविण्याची ताकद, सुमारे ०.४० न्यूटन-मीटर भरते. स्प्रिंगचे परत आणणारे परिबल १.२० न्यूटन-मीटर असल्यास बाकी ०.८० उरते आणि हाताला साधारण ६.७ न्यूटन इतका विरोध जाणवतो. आता मूठ आणि बेस यांच्यामध्ये २० सेंटीमीटरचा वाढीव दांडा बसविला, आणि त्याचे स्वतःचे वजन सोडून दिले, तरी गुरुत्वाकर्षणाचे परिबल १.०७ न्यूटन-मीटरवर जाते. बाकी उरते ०.१३. हाताला जाणवणारा विरोध अर्ध्या न्यूटनहूनही कमी होतो. बेसमधील घर्षण जरा अधिक असेल तर हात सोडल्यावर दांडा तिथेच कललेला राहील.

मग वाढीव दांडा लावावाच का? त्याचे कारण याच उदाहरणात आहे. २० अंशांच्या कलासाठी हाताला पूर्वी सुमारे ४ सेंटीमीटर सरकावे लागत होते, ते आता जवळजवळ ११ सेंटीमीटर सरकावे लागते. हाताच्या सूक्ष्म हालचालीला अधिक वाव मिळतो. दोन गुडघ्यांमध्ये दांडा असलेल्या विमानांत आणि हेलिकॉप्टरमध्ये नियंत्रणाची जी नजाकत असते तिच्या जवळ जाता येते. फक्त त्यासोबत स्प्रिंग बदलल्या पाहिजेत. ज्या बेसमध्ये स्प्रिंग व कॅम सहज बदलता येतात तोच वाढीव दांड्याला योग्य. शिवाय असा बेस मेजावर नुसता ठेवून चालत नाही, तो खुर्चीला किंवा चौकटीला आवळावा लागतो.

पिळाचाही विचार इथेच करावा. काही मुठी स्वतःभोवती पिळता येतात आणि त्या हालचालीने शेपटाकडील सुकाणू चालते. पायाच्या पेडलांचा खर्च वाचतो. वॉरथॉगला हा अक्ष नाही. व्हीकेबीच्या अनेक मुठींत पिळाची यंत्रणा मुठीच्याच तळाशी असते. उंच दांड्यावर मात्र सतत पिळण्याने कडी सैल होण्याचा संभव असतो, म्हणून उंच दांडा घेणाऱ्याने पेडलही घ्यावेत हे उत्तम.

मूठ एकच, विमाने वेगळी

मुठीचा आकार हुबेहूब असला की विमानही हुबेहूब वाटेल, ही समजूत मात्र टिकणारी नाही. अमेरिकी ए-१०सी विमानाला एफ-१६च्याच धर्तीची मूठ देण्यात आली आहे. पण ए-१०मध्ये ती वैमानिकाच्या गुडघ्यांमधील, हलणाऱ्या दांड्यावर असते, तर एफ-१६मध्ये उजव्या बाजूला असते आणि जवळजवळ हलतच नाही. बेस हाताचा दाब मोजतो, कोन नव्हे. वायएफ-१६ या नमुना-विमानाची मूठ तर अजिबात हलत नसे. २० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्‌स तळावर धावपट्टीवरील वेगचाचणी चालू असताना हे विमान डावीउजवीकडे जोराने हेलकावू लागले. दाबाला मिळणारा प्रतिसाद गरजेपेक्षा तीव्र होता, आणि किती दाबले हे हाताला कळण्यास हालचालीचा आधार नव्हता. वैमानिकाने जमिनीवर झुंजत राहण्याऐवजी विमान हवेत नेले व नंतर सुखरूप उतरविले. नियोजनात नसलेले हे त्या विमानाचे पहिले उड्डाण ठरले. पुढे प्रतिसाद सौम्य करण्यात आला आणि एफ-१६च्या मुठीला अल्पशी हालचालही देण्यात आली.

खऱ्या विमानात अभियंत्यांना जे जुळवावे लागले तेच घरच्या मेजावर लहान प्रमाणात जुळवावे लागते. म्हणून निवडीचा क्रम बेसपासून सुरू व्हावा. अचूकता, मध्यबिंदूचा स्वभाव आणि वजन पेलण्याची क्षमता बेसमध्ये असते आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. मूठ विमानागणिक बदलता येते. एअरबसचे कप्तान डाव्या हाताने दांडा चालवितात, तेव्हा त्यांच्या आसनाचा सराव करणाऱ्याला डाव्या हाताची मूठ लागेल. वॉरथॉगची मूठ उजव्या हाताचीच आहे. बोइंगच्या प्रवासी विमानांत तर दांड्याऐवजी सुकाणूचक्र असते, त्यासाठी ही सारी खटपट व्यर्थ होय. अशा सरावाचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, त्याकरिता मान्यताप्राप्त सिम्युलेटरच लागतो, हेही विद्यार्थ्यांना आरंभीच सांगितलेले बरे.

महाविद्यालयीन खरेदीच्या संदर्भात

प्रयोगशाळेसाठी दरपत्रके मागविताना 'जॉयस्टिक, १ नग' एवढेच लिहिण्याची प्रथा या वस्तूच्या बाबतीत महागात पडते. सर्वांत कमी दराची मूठ एका पुरवठादाराकडून, बेस दुसऱ्याकडून, आणि दोन्ही वस्तू नियमानुसार बिनचूक आल्या तरी परस्परांना अनोळखी, असे सहज घडू शकते. मग त्यांची रवानगी डेड स्टॉकच्या नोंदवहीत होते, आणि निर्लेखनाची वेळ येईपर्यंत कपाटातून त्या कोणी बाहेर काढीत नाही. मागणीपत्रात बेसचे पूर्ण नाव, त्यावर चालणाऱ्या मुठींची निर्मात्याने दिलेली यादी, जोडाचा प्रकार, वाढीव दांडा हवा असल्यास त्याची लांबी व सोबतच्या जड स्प्रिंग, आवळण्याची चौकट आणि हात उजवा की डावा, या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मूठ व बेस एकाच देयकावर घेतल्यास जुळणीची जबाबदारीही एकाकडेच राहते.

माल ताब्यात घेण्याच्या दिवशीच जोडणी करून विंडोजमधील गेम कंट्रोलरच्या चौकटीत प्रत्येक बटण एकदा दाबून पाहावे, ब्रेकची तरफ अर्धी दाबली असता अर्धीच दिसते का ते तपासावे, आणि दांडा चारही बाजूंना पूर्ण कलवून हात सोडावा. तो चारही वेळा त्याच बिंदूवर परतला, तर पावतीवर सही करण्यास हरकत नाही.