पावातल्या यीस्टचा दुसरा डीएनए

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत केंद्रकाबाहेरही डीएनए असतो. तो असतो मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीची ऊर्जा जिथे तयार होते तिथे. लांबी सुमारे 85 हजार अक्षरं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए 16,569 अक्षरांचा. म्हणजे यीस्टकडे पाचपट जनुकं असणार? मुळीच नाही! प्रथिनांची मुख्य जनुकं यीस्टकडे आठ, आपल्याकडे तेरा. आरएनएच्या बाबतीत मात्र यीस्ट किंचित पुढे: प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची दोन जनुकं दोघांकडेही, पण अमिनो आम्लं आणून देणाऱ्या ट्रान्सफर आरएनएची आपल्याकडे 22, तर यीस्टकडे 24. शिवाय एक जास्तीचं, जे आपल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत नाहीच. उरलेल्या मोकळ्या जागेत मैलोन्‌मैल ‘ए’ आणि ‘टी’.

खरी गंमत आहे ती मांडणीत. आपल्यात रायबोसोमची दोन्ही जनुकं जवळजवळ चिकटून बसलेली, मध्ये ट्रान्सफर आरएनएचं एक इवलंसं जनुक. यीस्टमध्ये त्याच दोन जनुकांत 25 हजारांहून जास्त अक्षरांचं अंतर. एकाच रायबोसोमचे दोन भाग घडवणारी ही जोडी, आणि इतकी लांब! त्यातल्या मोठ्या जनुकाच्या पुढे ट्रान्सफर आरएनएच्या जनुकांची गर्दी आहे. सगळी एकाच दिशेने वाचली जातात, अपवाद फक्त एक. ‘सीयू’ने सुरू होणारे चार तीन-अक्षरी संकेत बहुतेक सजीवांत ल्युसीन हे अमिनो आम्ल मागवतात, यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात ते थ्रिओनीन मागवतात. हा वेगळा अर्थ लावणाऱ्या ट्रान्सफर आरएनएचं जनुकच नेमकं उलट्या दिशेने बसलंय.

आता ते जास्तीचं जनुक. ट्रान्सफर आरएनए सुरुवातीला लांबलचक धाग्याचा भाग म्हणून तयार होतो, मग त्याचं पुढचं टोक छाटावं लागतं. हे काम करणाऱ्या ‘आरएनेज पी’ या विकराचा आरएनए भाग यीस्ट मायटोकॉन्ड्रियातच बनवतं, आणि त्याचं जनुक बसलंय दोन ट्रान्सफर आरएनएच्या मधोमध. तिघांचा मिळून एकच धागा निघतो. छाटणी ज्याची व्हायची आणि छाटणी जो करायचा, दोघं एकाच धाग्यातून बाहेर पडतात. मला तरी या सगळ्या मांडणीतला हा सर्वांत देखणा तुकडा वाटतो.

इतर बुरशांतही अशा गमती आहेत. न्यूरोस्पोरा ही पावावर येणारी नारिंगी बुरशी. तिच्या मोठ्या रायबोसोमल जनुकाच्या पोटात एक इंट्रॉन आहे. इंट्रॉन म्हणजे जनुकाच्या मधला असा तुकडा, जो आरएनए झाल्यावर कापून टाकला जातो. न्यूरोस्पोराच्या या टाकाऊ वाटणाऱ्या तुकड्यातच रायबोसोमच्या छोट्या भागाचं एक प्रथिन लिहिलेलं असतं. मोठ्याच्या पोटात छोट्याचा सुटा भाग!

बटण मशरूम तर इंट्रॉनचं भांडारच. त्याच्या एका ‘कॉक्स-1’ जनुकात 19 इंट्रॉन आहेत आणि त्या एकट्या जनुकाची लांबी जाते 30 हजार अक्षरांच्या घरात. आपल्या मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा डीएनए त्याच्यापुढे तोकडा पडतो.

यीस्टच्या मोठ्या रायबोसोमल जनुकातला इंट्रॉन, नाव ओमेगा, फ्रान्समधल्या संशोधकांनी चांगलाच तपासला. तो स्वतःची नक्कल पसरवतो. त्यात लिहिलेलं ‘आय-एससीई-1’ हे विकर 18 अक्षरांची एकच खूण शोधतं आणि इंट्रॉन नसलेल्या डीएनएला नेमकं तिथे कापतं. पेशी ती जखम भरताना शेजारच्या इंट्रॉनवाल्या प्रतीवरून नक्कल करते, की झाला इंट्रॉन तिथेही हजर. हेच विकर वापरून 1994 मध्ये उंदराच्या पेशीतला डीएनए ठरावीक जागी तोडून दाखवला गेला. डीएनए हवा तिथे कापणारं क्रिस्पर तंत्र येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दवाखान्यातही या जनुकांचा उपयोग आहे. एड्सच्या रुग्णांना गाठणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया एका बुरशीमुळे होतो. ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवणं महाकठीण. म्हणून पीसीआरने तिच्या मायटोकॉन्ड्रियातलं मोठं रायबोसोमल जनुक शोधतात. एकेका पेशीत त्याच्या बऱ्याच प्रती असतात, त्यामुळे थोडक्या नमुन्यातही ते हाती लागतं.

आणि आता आपल्या शिवारात. द्राक्षावरच्या भुरीसाठी अॅझॉक्सीस्ट्रोबीन फवारतात. ते बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या ‘सायटोक्रोम बी’ प्रथिनाला धरतं. या प्रथिनातल्या 143व्या जागेचा संकेत एका अक्षराने बदलला की औषध लागूच पडत नाही, आणि भुरीच्या बुरशीत हा बदल सापडलेला आहे. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या तांबेऱ्यात मात्र हा मार्ग बंद आहे. तिथे 143व्या संकेताला लागूनच इंट्रॉन बसलाय. संकेत बदलला तर आरएनए त्या इंट्रॉनला नीट कापू शकत नाही, प्रथिन बनत नाही आणि बुरशीच मरते. एका इंट्रॉनची जागा औषधाची ताकद टिकवून धरते! तरी गाफील राहायला नको. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या तांबेऱ्याने 129व्या जागी बदल करून थोडीफार पळवाट काढलीच आहे.

म्हणून बागायतदारांना एकच सांगणं: भुरीवर एकाच गटाचं बुरशीनाशक लागोपाठ मारू नका. लेबलवर दिलेली फवारण्यांची मर्यादा पाळा आणि पुढच्या फवारणीला गट बदला.