टाचेतल्या रक्ताचे ठिपके

जन्मजात चयापचय विकारांच्या तपासणीसाठी नवजात बाळाच्या टाचेच्या कडेला टोचून रक्ताचे थेंब जाड फिल्टर पेपरच्या छापील वर्तुळांत घेतात. रक्त एकाच खेपेत कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपले पाहिजे. थेंबावर थेंब दिला तर मोजमाप चुकते. कार्ड आडवे ठेवून किमान तीन तास सावलीत वाळवतात. वाळलेला नमुना बर्फाविना टपालाने जातो. त्यामुळे यंत्र एका शहरात आणि बाळ दूरच्या पाड्यावर असले, तरी तपासणी होऊ शकते.

या पद्धतीचा पाया 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी घातला. फेनिलकीटोन्यूरिया या विकारात फेनिलअॅलनीन हे अमिनो आम्ल रक्तात साचते आणि मेंदूची वाढ खुंटते. वेळीच विशेष आहार सुरू केल्यास हे टळते. गथ्रींनी अगारच्या थाळीत बॅसिलस सबटिलिस जिवाणू आणि त्यांची वाढ रोखणारे द्रव्य मिसळले. त्यावर रक्ताच्या ठिपक्याची चकती ठेवली. फेनिलअॅलनीन जास्त असेल, तर हा अडसर फिटून चकतीभोवती जिवाणूंचे वलय उमटते. वलय जितके रुंद, तितके प्रमाण अधिक. महागड्या उपकरणाविना एका थाळीत अनेक बाळांची तपासणी होई. 1990च्या दशकात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री आली आणि जेमतेम तीन मिलिमीटरच्या चकतीतून काही मिनिटांत डझनावारी विकारांचा माग लागू लागला.

गोव्याने 2008मध्ये राज्यव्यापी नवजात तपासणी सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मुंबईसह पाच शहरांतील अभ्यासात एक लाखाहून अधिक बाळे तपासली गेली; सुमारे 1,130 बाळांमागे एकाला जन्मजात हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची कमतरता, आढळला. हा अंतःस्रावी विकारही याच कार्डावर कळतो आणि त्यावरची थायरॉक्सिनची गोळी स्वस्त आहे.

नाशिकसारख्या जिल्ह्यात खरी अडचण कार्डाच्या आधी आणि नंतर येते. नमुना जन्मानंतर 48 ते 72 तासांदरम्यान घ्यावा लागतो: त्याआधी दुधातले अमिनो आम्ल पुरेसे साचलेले नसते आणि जन्मानंतर लगेच वाढणारे टीएसएच हे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरकही दिशाभूल करते. बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी गेली, तर ही वेळ हुकते. इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाण्याच्या पावसाळी दमट हवेत कार्ड लवकर वाळत नाही. ओलसर राहिल्यास नमुना बिघडतो. पहिले बाळंतपण माहेरी, नोंदीत पत्ता सासरचा. मग संशयास्पद अहवाल आलेले बाळ शोधायचे कुठे? गृहभेटी देणाऱ्या आशाताईंशी प्रयोगशाळेचा थेट संपर्क इथे उपयोगी पडतो. तरीही पहिला अहवाल हे निदान नव्हे. पुन्हा रक्त घेऊन खात्री करावी लागते. काही विकारांचे विशेष दूध महाग असते आणि ते वर्षानुवर्षे लागते. हायपोथायरॉईडिझममध्ये मात्र उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत, अशी अपेक्षा असते. टोचण्यापासून पहिल्या गोळीपर्यंतची सारी कामे तेवढ्या मुदतीत बसवावी लागतात.