शहानिशा जमिनीवर

एअरबस ए३२०च्या कॉकपिटमध्ये प्रत्येक वैमानिकासमोर नकाशाचा एक पडदा असतो. आसपासची विमानं त्यावर पांढऱ्या शंकरपाळ्यांसारखी दिसतात. शेजारी आकडा असतो. ‘+१०’ म्हणजे ते विमान आपल्याहून हजार फूट वर. आकड्यालगत बाण दिसला तर ते चढतंय किंवा उतरतंय. धडकेची शक्यता वाटू लागली की शंकरपाळ्याच्या जागी पिवळं वर्तुळ येतं आणि ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज होतो. वर्तुळाचा लाल चौकोन झाला की मात्र विचार करायची वेळ संपलेली असते.

ही टीकॅस यंत्रणा, आणि तिचा आदेश म्हणजे आरए. हे काम कसं चालतं ते मी सिम्युलेटरमध्ये इन्स्ट्रक्टरच्या मागे बसून पाहिलं. ‘ट्रॅफिक’ ऐकताच कॅप्टनचा डावा हात साइडस्टिकवर गेला. ‘टीकॅस, आय हॅव कंट्रोल.’ पाठोपाठ आरए आला: ‘डिसेंड, डिसेंड.’ कॅप्टननी अंगठ्याने लाल बटण दाबून ऑटोपायलट काढला, फर्स्ट ऑफिसरने दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद केले. नकाशाशेजारच्या पडद्याच्या उजव्या कडेला चढ-उताराचा वेग दाखवणारी पट्टी असते. तिचा काही भाग आता लाल, काही हिरवा झाला होता. सुई लालमधून काढून हिरव्यात न्यायची, एवढंच काम. झटका नाही, धसमुसळेपणा नाही. पहिल्या आरएला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळेल, हे गृहीत धरूनच यंत्रणेचं गणित मांडलेलं असतं. तोवर फर्स्ट ऑफिसरने रेडिओवर ‘टीकॅस आरए’ कळवलं होतं. त्यानंतर कंट्रोलरने त्या विमानाला वर-खाली जायच्या सूचना द्यायच्या नसतात. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू आलं आणि विमान पुन्हा आपल्या उंचीवर निघालं.

दुसऱ्या फेरीत फर्स्ट ऑफिसर विमान चालवत होता. बाहेर लख्ख ऊन, आकाश रिकामं. आरए आला आणि त्याने काचेतून बाहेर पाहिलं. उजवीकडे पाहिलं, मग वर. इन्स्ट्रक्टरनी सिम्युलेटर थांबवला.

“काय शोधत होतास?”

“सर, समोर कुणीच नव्हतं. मला वाटलं, आरए खोटा असेल.”

“असेलही. पण ते ठरवायला तुझ्याकडे वेळ होता का?”

समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांमधलं अंतर सेकंदाला साडेचारशे मीटरने कमी होऊ शकतं. शिवाय डोळ्यांना दिसलेलं विमान तेच असेल, याचीही खात्री नसते.

खोटे इशारे येतात, हे वैमानिक जाणून असतात. टीकॅस १०३० मेगाहर्ट्‌झवर आसपासच्या विमानांना विचारणा करतो आणि त्यांचे ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतात. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. उंची मात्र समोरचा सांगेल ती. त्याचं उंचीचं उपकरण बिघडलेलं असेल तर हजार फूट खालून जाणारं विमान आपल्या पातळीवर असल्यासारखं वाटतं. जमिनीवर हँगरमध्ये कुणी ट्रान्सपॉन्डर तपासताना त्यात आकाशातली उंची भरली, तर डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला नसलेलं विमान दिसू शकतं.

१ मार्च २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळावर उतरू पाहणाऱ्या अनेक विमानांना असेच इशारे मिळाले. जवळ कुणीच नव्हतं. काहींनी उतरणं सोडून पुन्हा वर झेप घेतली. ड्रोन रोखण्याच्या यंत्रणेची चाचणी टीकॅसच्याच लहरींवर झाल्याची माहिती त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत पुढे आली. जेमतेम महिन्यापूर्वी, २९ जानेवारीला, याच विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची धडक होऊन ६७ जण गेले होते. त्या विमानाला ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू आलं होतं. पण जमिनीपासून हजारेक फुटांच्या आत आरए मुद्दामच बंद ठेवलेले असतात, त्यामुळे पुढचा आदेश आलाच नाही.

आता १ मार्चच्या रांगेतल्या पाचव्या-सहाव्या वैमानिकाचा विचार करा. पुढच्यांना आलेले आरए खोटे होते, हे त्याने रेडिओवर ऐकलंय. त्याला आरए आला तर त्याने काय करावं? तेच, जे पहिल्याने केलं. कारण आरए हा एकट्या विमानाचा आदेश नसतो. दोन्हींकडे टीकॅस असेल तर यंत्रणा आपसात ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. आपल्या अंदाजावर विसंबणारा वैमानिक समोरच्याचंही गणित मोडतो. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर हेच झालं. रशियन विमानाला टीकॅस ‘चढ’ म्हणत होता, कंट्रोलर ‘उतर’. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान टीकॅसचं ऐकून उतरतच होतं. ७१ जण गेले. त्यात बरीचशी शाळकरी मुलं होती. आरए आणि कंट्रोलर यांच्यात विरोध असेल तर आरएच पाळायचा, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध झाला. आपल्याकडे चरखी दादरीवर १२ नोव्हेंबर १९९६ ला दोन विमानं धडकून ३४९ जण गेले, तेव्हा दोन्ही विमानांत टीकॅसच नव्हता.

खोट्या आरएची किंमत शून्य नसते. काही शे फुटांचा अनपेक्षित चढ-उतार, उभ्या असलेल्या केबिन क्रूला दुखापतीचा धोका, फुकट गेलेलं इंधन, कंट्रोलरची विस्कटलेली रांग. पण ही किंमत मोजता येते, भरून काढता येते.

म्हणून आरए पाळण्याइतकीच त्याची नोंद महत्त्वाची. उतरल्यावर लॉगमध्ये लिहायचं, अहवाल द्यायचा; मग अभियंते आणि तपासनीस रेकॉर्डरमधली माहिती काढून बसतात. बिघाड आपल्या ट्रान्सपॉन्डरचा, समोरच्याच्या उंचीमापकाचा, की जमिनीवरच्या कुणाच्या चाचणीचा, हे तिथे ठरतं. वैमानिकाने डोळे झाकून हुकूम पाळावा अशी अपेक्षा असेल, तर जमिनीवरच्यांनी प्रत्येक खोट्या हुकमाचा माग काढलाच पाहिजे. ते टाळलं, तर पुढच्या वेळी काचेबाहेर पाहणाऱ्या फर्स्ट ऑफिसरला दोष देण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.